आईने ओळखलेली सफरचंदं

सफरचंद हे फळ आहे, हे मला दिल्लीत आल्यावर कळलं. पुण्यात आमच्याकडे ते औषध होतं. घरात कुणाला ताप आला, की बाबा ऑफिसातून येताना कागदी पिशवीतून दोन सफरचंदं आणायचे. आई त्यातल्या एकाच्या आठ फोडी करायची. पाच आजाऱ्याला आणि उरलेल्या तीन बाकी सगळ्यांना मिळून. धडधाकट असताना सफरचंद मागणं म्हणजे लाडावल्याचं लक्षण. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना सफरचंदं न्यायची, सत्यनारायणाच्या पाच फळांत एक सफरचंद ठेवायचं, आणि सगळीकडे त्याचं नाव एकच, 'काश्मिरी'. त्याला दुसरं काही नाव असू शकतं, अशी शंकासुद्धा आम्हाला कधी आली नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या नोएडाच्या सोसायटीच्या गेटाबाहेर, रफीकभाईंच्या गाडीवर या मोसमातली पहिली सफरचंदं दिसली. लहान, अर्धी हिरवट, अर्धी लालसर, दोन खाल्ली की दात आंबवणारी. जुलै संपता संपता ही हिमाचलातून येतात. तेव्हा दिल्लीत उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि गाडीच्या एका कोपऱ्यात शेवटचे चौसा आंबे सुरकुतत पडलेले असतात. मी एक सफरचंद उचललं, उलटंपालटं केलं आणि देठाच्या खळग्याशी नाक नेऊन वास घेतला. "दीदी, अभी खुशबू कहाँ, दस दिन रुक जाइए," रफीकभाई म्हणाले. त्यांचं खरं होतं. तरी मी किलोभर घेतलीच. वास घेऊन सफरचंद निवडायची ही सवय मला तीन वर्षांपूर्वी लागली, आई माझ्याकडे राहायला आली होती त्या मोसमात.

मोसम म्हणजे जुलैअखेर ते नोव्हेंबर. ऑगस्टात गाला येतं. पातळ सालीचं, मुठीत मावणारं, मुलांच्या डब्यात न कापता टाकता येणारं. मग रॉयल. त्याचे खांदे रुंद, बुडाशी पाच टेंगळं, साल जाड आणि जरा तुरट. त्याच सुमाराला गोल्डन. ते घेणारे कमी, कारण पिवळं सफरचंद म्हणजे काहीतरी बिघडलेलं असं निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं. मला विचाराल तर तव्यावर चमचाभर तुपात परतून, वर गुळाचा खडा विरघळू द्यायला गोल्डनसारखं दुसरं सफरचंद नाही. पाच मिनिटांत मऊ होतं आणि तरी फोडीची फोड राहते. सप्टेंबरात काश्मीरचा माल सुरू होतो. डेलिशस, नावाने हिमाचली पण माल काश्मीरचाच असं कुल्लू, आणि मिळालंच तर अंबरी, जे दिसायला यथातथाच पण घरात ठेवलं तर पलीकडच्या खोलीपर्यंत दरवळतं. दसऱ्याच्या आगेमागे महाराजी. आणि थंडीची चाहूल लागली की किन्नौरी, घट्ट, रसाळ, चावल्यावर शेजारच्या माणसाने मान वळवून बघावं इतका आवाज करणारं. वर्षभर मिळणारी ती चकचकीत, स्टिकर लावलेली परदेशी सफरचंदं मी यात धरत नाही. ती पाहुण्यांना न्यायला बरी.

आता आईबद्दल. आई पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. रसायनाच्या तासाला तीस मुली, पंधरा बर्नर आणि कपाटभर बाटल्या सांभाळणं हे तिचं काम. बाटलीवरची चिठ्ठी निघाली तर झाकण उघडून, हाताने हवा नाकाकडे वारून आत काय आहे ते ती सांगायची. तेच नाक घरी. तूप कढत असलं की बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "मंजू, बंद कर, झालं." सणाच्या दिवशी तर सगळा स्वयंपाक तिच्या नाकावर चाले, कारण देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही हा आमच्या घरचा नियम. चाखायचं नाही आणि तरी मीठ-साखर चुकता कामा नये. आई पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आमटीत मीठ कमी आहे." मिठाला वास असतो का, असं बाबा दर वेळी विचारत, आणि दर वेळी आमटीत मीठ कमीच निघे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिला ताप आला. ताप आठवड्यात उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. जिभेला गरम, गार आणि मिरचीची आग एवढंच कळे. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित दोन महिन्यांत, कदाचित वर्षात, कदाचित नाही. आईने ते कुणालाच सांगितलं नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते, तिला विचारणारं घरात कुणी नव्हतं. आम्हाला कळलं ते एका सकाळी, शेजारच्या काकूंना जिन्यात गॅसचा वास आला तेव्हा. चहा उतू जाऊन ज्योत विझली होती, कळ तशीच चालू होती, आणि आई बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसली होती. काकूंनी खिडक्या उघडल्या आणि दादाला फोन लावला. दादा बंगळुरूला. त्याने मला लावला. तिसऱ्या दिवशी मी पुण्यात आणि पाचव्या दिवशी आई माझ्याबरोबर दिल्लीच्या विमानात.

विमानातच मी तिला नियम सांगून टाकला. "वास आल्याशिवाय तू एकटीने राहायचं नाहीस. आला की त्याच आठवड्यात तिकीट काढते, शपथ." आई खिडकीतून बाहेर बघत होती. "आणि नाही आला तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मग काय, माझं घर तुझंच आहे." हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं. तिला कसं वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला होता. रोज सकाळी चार तीव्र वास घ्यायचे, प्रत्येकी वीस सेकंद. आईने जॅमच्या चार रिकाम्या बाटल्या धुतल्या, त्यांत लवंग, लिंबाची साल, निलगिरीचा बोळा आणि गुलाबपाणी घातलं, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली आणि बाल्कनीत बसून रोज सातच्या ठोक्याला व्यायाम सुरू केला. एका वहीत काहीतरी टिपून ठेवायची. मी वही कधी उघडली नाही. मला स्वतःचा प्रयोग सुचला होता.

झालं असं, की एका संध्याकाळी माझी मुलगी ईरा, तेव्हा अकरा वर्षांची, गाला आणि रॉयलच्या फोडी एकाच ताटलीत घेऊन आली. "आजी, डोळे बंद कर. गेस कर कोणता कौनसा आहे." आईने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, खांदे उडवले. पण तिला गंमत वाटली हे मी पाहिलं, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. सफरचंदांत आंबट, गोड, तुरट, सुवासिक सगळंच मिळतं. रोज तीन-चार जाती आणायच्या, फोडी करायच्या आणि संध्याकाळी डोळे मिटून ओळखायला लावायचं. जीभ जागी व्हायला लागली की आपोआप कळेल. ईराने फ्रिजवर तक्ता लावला.

त्यामुळे त्या मोसमात आमच्या घरात सफरचंदांचा सुळसुळाट होता. आई रोज संध्याकाळी स्वतः रफीकभाईंच्या गाडीवर जायची. तिचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. "भैया, ये पिठूळ तो नहीं ना है?" रफीकभाईंना पिठूळ म्हणजे काय ते पहिल्या दिवशी कळेना. आईने मागच्या वर्षीचं शीतगृहातलं एक सफरचंद उचललं, अंगठ्याने दाबून दाखवलं आणि म्हणाली, "ये पिठूळ." त्यानंतर ते आमच्या सोसायटीतल्या पंजाबी बायकांनासुद्धा सांगू लागले, "ले जाइए भाभीजी, बिल्कुल पिठूळ नहीं है." ते तिला एक फोड काळं मीठ लावून देत. ती खाई आणि मान डोलावे. मी सोबत असले की मला ते बघवत नसे.

डोळे मिटून खाऊन उरलेल्या फोडींचं काय करायचं, हा रोजचा प्रश्न. शिरा झाला, केळ्याऐवजी सफरचंदाचा. तो गालाचा चांगला होतो, रॉयलचा पुळकवणी होतो. लाल भोपळ्याऐवजी सफरचंदाचा कीस गुळात शिजवून घारगे केले. ते पहिल्यांदा तेलात विरघळले, दुसऱ्यांदा तांदळाची पिठी वाढवल्यावर फुगले. ईराने यूट्यूबवर बघून ओव्हनमध्ये ओट्स आणि दालचिनी घातलेलं काहीतरी भाजलं आणि आठवडाभर तेच खाल्लं. आई हे सगळं स्टुलावर बसून करवून घ्यायची. स्वतः मात्र औषध घ्यावं तशी जेवायची, घड्याळ बघून, वाढलेलं संपवून. त्या दिवसांत तिची पोलकी अंगावर सैल झाली होती. कधीकधी जेवताना तिचा घास हातात थांबे आणि ती आमच्या तोंडांकडे बघत राही. आम्ही खाताना कसे दिसतो, ते बघत असावी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिलं बरोबर उत्तर आलं. गोल्डन. ईरा किंचाळली. दोन दिवसांनी रॉयल आणि गाला दोन्ही बरोबर. मग पाचातली चार, मग पाचही. तक्ता हिरव्या खुणांनी भरला. डेलिशस आणि रॉयल यांत मीसुद्धा गफलत करते, तिथे आई एक घास घेऊन म्हणायची, "रॉयल." मी दादाला फोन करून सांगितलं, माझ्या ऑफिसातल्या दोघीतिघींना सांगितलं, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यातलं पुण्याचं तिकीट काढलं. आईने सूटकेस पलंगाखालून काढून पुसली आणि भरायला घेतली. इतकी मोकळी हसताना मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला पुरी-बासुंदी करायची ठरवली. पुण्यात या दिवसांत सीताफळाची बासुंदी. नोएडात चांगलं सीताफळ मिळेना, म्हणून सफरचंदाची. आदल्या दिवशी रफीकभाईंच्या गाडीवर मोठी, लालबुंद, देखणी सफरचंदं होती. त्यांनी सांगितलं, महाराजी आहे, थोडी खटास असते. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सफरचंद लाल म्हणजे गोड, हे मी ताप आलेल्या मुलीच्या वयापासून धरून चालले होते, आणि सणाच्या दिवशी मला ताटात देखणं फळ हवं होतं. सकाळी दोन लिटर दूध आटवलं, महाराजीचा कीस साखरेत परतला आणि दूध गरम असतानाच त्यात ढवळला. वर बारीक कणी आली. आटवलेल्या दुधात कणी असतेच, आणि कीस तर घातलाच होता. नैवेद्याचं म्हणून चाखलं नाही. आई शेजारी उभी होती. मी म्हटलं, "बघ गं, कशी वाटतेय?" ती पातेल्यावर वाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वेलची अजून थोडी चालेल."

देवाला नैवेद्य दाखवला आणि आम्ही जेवायला बसलो. मोठी म्हणून पहिला घास आईचा. तिने वाटीतली बासुंदी चमच्याने घेतली, जिभेवर घोळवली आणि म्हणाली, "सुरेख झालीये, मंजू. गोड आहेत हो सफरचंदं. सीताफळाच्या तोडीस तोड."

तेवढ्यात ईराने चमचा तोंडातून बाहेर काढला. "छी! मम्मा, ये तो खट्टा है यार. दूध फट गया क्या?"

मी घास घेतला. बासुंदी नासली होती. नुसती आंबट नव्हे, उकळत्या दुधात लिंबू पिळल्यासारखी फाटलेली. ईरा आजीकडे बघत होती, मीही तिच्याकडे बघत होते, आणि आईने वाटी ताटाबाहेर काढून ठेवली. "पुरी खा, ईरा, गार होतेय," ती म्हणाली.

दुपारी ईरा खाली खेळायला गेली तशी मी आईच्या खोलीत गेले. ती सूटकेसमधल्या साड्या परत कपाटात लावत होती. मला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती वाटत होती. आणखी सहा दिवसांनी मी तिला स्वतःच्या हाताने त्या स्वयंपाकघरात पाठवणार होते.

"तू खोटं बोललीस," मी म्हटलं.

"मी कुठे खोटं बोलले? सफरचंद कुठलं ते तुम्ही विचारत होतात, ते मी सांगत होते. चव येते का, असं त्या तक्त्यात कुठे होतं?"

"मग ओळखत कशी होतीस?"

"गोल्डनची साल पातळ, जिभेला खरखरीत. गालाची फोड आखूड असते. रॉयलची साल दातात अडकते, डेलिशस त्याहून मऊ, लवकर पिठूळ होतं. आणि चावल्याचा आवाज प्रत्येकाचा निराळा. महिनाभर खाल्ल्यावर कुणालाही येईल." मग ती पलंगावर बसली. "कीस केलास ना, म्हणून सापडले. किसाला साल नाही, आवाज नाही."

तीच पुढे म्हणाली, "मंजू, मला तुझ्या घरी राहायचं नाही असं नाहीये. मला माझ्या घरी राहायचंय."

"आणि गॅस?"

"गॅस हाताने बंद करतात, नाकाने नाही. पंधरा बर्नर मी रोज बंद करायचे, चौतीस वर्षं. कधी वास घेत बसले नाही. एकेका कळीला हात लावून बघायचे आणि मगच दाराला कुलूप. त्या दिवशी चहा ठेवून मी ओट्यापासून हलले, ती माझी चूक. चूक झाली म्हणून काय मला जन्मभर पाहुणी करून ठेवणार आहेस?"

पाहुणी हा शब्द मला लागला. मी तिला खोली दिली होती, टीव्ही दिला होता, पायाला मसाज करणारं यंत्र आणलं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत तिला एकटीला गॅस पेटवू दिला नव्हता. सत्तरी ओलांडलेली बाई स्टुलावर बसून मुलीला घारगे सांगत होती, आणि मला वाटत होतं मी तिची सेवा करतेय.

मग तिने उशीखालून ती वही काढून दिली. "ही बघ. इथे खोटं नाही." वहीत उभ्या रेघा मारून चार रकाने केले होते, लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, आणि प्रत्येक दिवसापुढे शाळेतल्या मोठ्या गोल अक्षरात एकच शब्द. नाही. नाही. नाही. नाही. पानामागून पान. तक्त्यावर हिरव्या खुणा भरत होत्या त्या दिवसांतही इथे नाही, नाही. सप्टेंबरच्या अखेरीला एका दिवशी लवंगेच्या रकान्यात 'किंचित?' लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मला रडू आलं ते त्या प्रश्नचिन्हापाशी. आम्हाला फसवायला तिने सगळी हुशारी लावली होती, पण त्या एका लवंगेच्या बाबतीत स्वतःला फसवायला ती तयार नव्हती.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दसऱ्याच्या शुभेच्छा झाल्यावर त्याने विचारलं, "चव आली ना नक्की? तिकीट पक्कं ना?" आई शेजारी बसून कोथिंबीर निवडत होती, मान वर न करता. मी म्हटलं, "चव आली नाहीये. पण ती जाणार आहे." पलीकडून दादा अर्धा तास बोलला. मी बेजबाबदार आहे, उद्या काही झालं तर कोण उत्तर देणार, काकू काय म्हणतील. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी आईने फोन मागून घेतला आणि शाळेत सूचना द्यायची त्या आवाजात सांगितलं. गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवायचं. रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद. चूल पेटलेली असताना ओट्याशी स्टूल, पेपर तिथेच. जादा किल्ली काकूंकडे. "आणखी काही असेल तर लिहून पाठव, पाळीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग उरलेले सहा दिवस स्वयंपाकघर तिचं झालं. मी दारात उभी राहिले की ती म्हणायची, "ऑफिसचं काम नाही का तुला?" उरलेल्या महाराजीचा तिने साखरांबा केला. आंबट फळ साखरांब्याला उत्तम, ते दुधात घालणाऱ्या बाईला काय म्हणावं, असं मला ऐकवत फोडी केल्या. वास नाही, चव नाही. पाक चिमटीत धरून तार बघितली, थेंब बशीत टाकून तो पळतो की थांबतो ते बघितलं, बुडबुडे मोठे झाल्यावर आच कमी केली. लवंगा मोजून पाच घातल्या. झाल्यावर एकेका कळीला हात लावला, रेग्युलेटर बंद केला आणि मग चमचा माझ्यापुढे धरला. साखरांबा अगदी बरोबर झाला होता. "कसा झालाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "साखर थोडी कमी चालली असती." ती खूश झाली. नुसतं छान म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

तोवर दिल्लीची हवा धुरकट झाली होती. सगळी सोसायटी नाकाला रुमाल लावून फिरत होती, लिफ्टमध्ये प्रत्येक जण जळक्या वासाबद्दल कुरकुरत होता. आई म्हणाली, "एवढ्या शहरात मीच एकटी सुखी." जायच्या आदल्या दिवशी पहिलं किन्नौरी आलं. आम्ही तिघी बाल्कनीत बसून ते साल न काढता खाल्लं. कुणी डोळे मिटले नाहीत, कुणी काही ओळखलं नाही. ईराने फ्रिजवरचा तक्ता केव्हाच काढून टाकला होता. विमानतळावर आई मागे वळून न बघता आत गेली, आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

त्याला तीन वर्षं होत आली. पहिल्या वर्षी मी दिवसातून चार वेळा फोन करायचे आणि प्रत्येक वेळी काहीतरी तपासायचे. आज काय केलंस, कशी झाली, मीठ कसं कळलं, वही काय म्हणते. एकदा ती म्हणाली, "मंजू, परीक्षा संपली गं." तेव्हापासून मी विचारणं बंद केलं. सोपं गेलं नाही. अजूनही ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिचा नंबर दिसला की मी बोलणं अर्धवट सोडून बाहेर येते.

परवा सकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, आज गंमत झाली. उपासाचं कूट करायला दाणे भाजत होते. बेल वाजली म्हणून दाराशी गेले, काकू आल्या होत्या, बोलत उभी राहिले. आणि एकदम वास आला बघ दाण्यांचा."

माझ्या तोंडाशी दहा प्रश्न आले. वास आला, की दाणे तडतडलेले ऐकू आले? की काकूंनाच आला आणि त्यांनी सांगितलं? ओट्यापासून हललीस कशाला? ते दहाही मी गिळले.

"मग? करपले का?" मी विचारलं.

"छे," आई म्हणाली, "वेळेवर पोचले."